कूलरमधली मासळी

शालिकराम निखारेंना त्या मारबतीत काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. महापालिकेची निवडणूक लांबत लांबत एकदाची तोंडाशी आली होती आणि आमच्या प्रभागात तिकीट मागणारे खांबागणिक एक उभे होते. बाकीच्यांनी आपापले वाढदिवस फलकांवर चढवले. शालिकभाऊंनी डोकं चालवलं. धुराचं मशीन भाड्यानं आणलं, इतवारीच्या भांडेबाजारामागची आमची गल्ली सलग काही संध्याकाळी धुरात बुडवली आणि आम्हा सगळ्यांचं खोकणं थांबायच्या आत चौकात फलक लावला : ‘विदर्भातील पहिला डासमुक्त प्रभाग’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पक्षाचे निरीक्षक सुमंतसाहेब मुंबईहून मारबतीची मिरवणूक पाहायला येणार होते आणि बसणार होते शालिकभाऊंच्याच मंचावर. फलक पाहिला की तिकीट पक्कं. वर विरोधी बाजूच्या विक्कीचं नाक कापलं जाणार. आणि बायको शामला, जी लग्नापासून “तुमच्यानं काई होत नाई जी” एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हणत आली होती, ती निदान एक दिवस गप्प बसणार. हा शेवटचा लाभ भाऊंच्या मनात सगळ्यात वरचा होता, असं आमचं मत आहे.

खर्चाच्या बाजूला त्यांनी काहीच धरलं नव्हतं. अरुंधतीबाईंना तर मुळीच नाही.

अरुंधती पांढरीपांडे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. डासांवर त्यांचा राग आहे. पण राग फार जुना झाला की त्याच्यात आणि जिव्हाळ्यात फरक करणं कठीण जातं. आदल्या वर्षी त्यांचे यजमान कृष्णकांतराव डेंग्यूनं आडवे झाले होते. सरकारी ऑडिटमधून निवृत्त झालेला माणूस, खाटेवर पडल्यापडल्या सलाईनचे थेंब आणि दवाखान्याचं बिल यांचा ताळा करत होता. वाचले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “एकदा झाला, सुटलात. दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. दुसरा फार वाईट असतो.” तेव्हापासून बाईंच्या डोक्यात दुसरं काही राहत नव्हतं. एक डास, नेमक्या ‘एडिस’ जातीचा, शेजारच्या खिडकीतून निघून त्यांच्या खिडकीत शिरला की संपलं.

तो कुठून निघणार, हेही त्यांना माहीत होतं. मे महिन्यात नागपूरचा माणूस कूलरशिवाय जगत नाही, हे जगाला ठाऊक आहे. पाऊस लागल्यावर तो कूलर कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. कुठेच जात नाही. ते लोखंडी धूड खिडकीतून उतरवायला माणसं जमवावी लागतात, आणि दसऱ्याच्या सुमारास उकाडा परत येतोच. मग काहाले उतरवा? तळाच्या टाकीत बोटभर पाणी साचून राहतं, वर ताटीच्या वाळल्या गवताची सावली. डासाच्या मादीला बाळंतपणासाठी याहून चांगलं माहेर मिळायचं नाही.

एका रविवारी बाई टॉर्च, चहाची गाळणी आणि पांढरा इनॅमलचा वाडगा घेऊन गल्लीभर फिरल्या. ज्या टाकीत गाळणी बुडवली, तिच्यातून बारीक, काळ्या, वळवळत्या अळ्या निघाल्या. आमच्याही निघाल्या. संध्याकाळी त्यांनी पिठाच्या चक्कीच्या दारावर कागद चिकटवला : ‘आपले डास नाल्यातून येत नाहीत. आपल्या कूलरमधून येतात. टाकी उपडी करा, घासा, वाळवा.’

एवढ्याशा मजकुरात बाईंनी सगळ्यांशी वाकडं घेतलं. शालिकभाऊंचं म्हणणं, डासच नाहीत. विक्कीचं म्हणणं, डास मोप आहेत, पण ते नाल्याचे, आणि नाला शालिकभाऊंच्या पक्षाचा. विक्कीचं इतवारीत कूलरचंच दुकान, त्यामुळे नाल्यापलीकडे त्याची नजर कधी गेली नाही. दोघांचं रोज जुंपायचं आणि ते दोघांनाही परवडायचं. बाईंनी मध्येच तिसरं काढलं : डास मतदारांचे आहेत.

“हा मतदाराचा अपमान हाय!” शालिकभाऊ चक्कीपुढे उभे राहून गरजले.

“आज पहिल्यांदा माणसासारखं बोलले,” विक्की म्हणाला.

प्रभागात या दोघांचं एकमत झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्या आनंदाच्या भरातच ठरलं, की यंदा बाईचा बडग्या काढायचा.

मारबत आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्या आगेमागे बडगे, म्हणजे वर्षभरात ज्याचा ज्याचा राग आला त्याचे कागद-कामट्यांचे पुतळे. वाजतगाजत, शिव्या घालत न्यायचे आणि शेवटी जाळायचे. गावातली रोगराई, ईडापीडा त्यांच्याबरोबर जाते. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो. जित्याजागत्या शेजारणीचा निघणं म्हणजे तसा मानच.

बडग्या बनवायचं काम पिंटूकडे. नाव पिंटू असलं तरी माणूस पंचेचाळिशीचा, दोन लेकींचा बाप, आणि पांढरीपांड्यांच्याच घरात खाली भाड्यानं राहणारा. अंग डासाचं आणि तोंड बाईचं, असं त्यानं आखलं. मालकिणीला जाळायचं म्हणून त्याला जरा संकोच वाटत होता. शामलेला तसलं काही वाटत नाही. ती सरळ वर गेली.

“मॅडम, एखांदी जुनी साडी असन तर द्या ना.”

“कशाला गं?”

“तुमचा बडग्या करून राहिले न जी. साडी तुमचीच असली म्हणजे लोकाईले पटकन वळखू येते.”

आतून कृष्णकांतराव म्हणाले, “ती मोरपंखी देऊन टाक. मला कधीच आवडली नाही.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी क्षणात आपला हिशेब केला. “साडी देते, जुना चष्माही देते. पण बडग्याच्या गळ्यातली पाटी मी लिहिणार. ‘कूलरची टाकी रिकामी करा.’ कबूल?”

“हो जी. त्यात काय, देऊ लटकवून.”

ती गेल्यावर बाई घरभर फिरू लागल्या. “अहो, लाखभर माणूस असतं मारबतीला! माझं म्हणणं एवढ्या लोकांपुढे कधी गेलंय का?”

“म्हणण्यासकट जाळणार आहेत तुला.”

“आधी वाचतील, मग जाळतील ना!”

दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या आणि अंगणात बांधलेला डास पाहून कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “पिंटू, पाय चारच?”

“कामट्या सरल्या न मॅडम. चारांतही समजते.”

“डासाला सहा असतात. माझ्या नावानं चार पायांचा डास मी जाळू देणार नाही. आणि सोंड सरळ कर. ती काय हत्तीची आहे?”

पिंटूनं मुकाट्यानं नव्या कामट्या आणल्या. स्वतःच्या बडग्यासाठी एवढं राबलेलं माणूस आम्ही पाहिलं नाही. जाताना त्याला सुताचा दोरा कुठे घट्ट बांधायचा तेही दाखवून गेल्या.

पोटाची कल्पना शालिकभाऊंची. डास नुसता दिसून उपयोग नाही, चावला पाहिजे. म्हणून त्यांनी आपल्याच खिडकीतल्या कूलरची टाकी काढून दिली. ती पोटात बसवायची, तिच्यात टुल्लू पंप सोडायचा, नळी सोंडेतून काढायची, आणि मंचापुढे आलं की गर्दीवर फवारा. पिंटूनं टाकी बसवली, गळते का ते पाहायला काठोकाठ भरली. गळली नाही. आता एवढं पाणी उपसून पुन्हा कोण भरील, म्हणून तशीच राहू दिली, वरून मोरपंखी साडी गुंडाळली. पोळ्याला अजून दीड आठवडा होता. पाणी, सावली आणि ऊब, बाकीचं त्यांनी आपसात पाहून घेतलं. बाई रोज येता-जाता पाय बघत, सोंड बघत. पोट साडीखाली होतं, आणि आपलीच साडी कोण उचलून पाहतं?

मारबतीच्या दिवशी सकाळपासून इतवारीत मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल, ताशे, डीजे, गॅलऱ्यांवर लटकलेली माणसं. “ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!” कोणी ओरडलं की हजार गळे झेल घेत. “खोकला खासी घेऊन जाय गे मारबत!” “शाळेचे पेपर घेऊन जाय गे मारबत!” “सासूले घेऊन जाय गे मारबत!” ही शेवटची आरोळी शामलेची, शालिकभाऊंची आई शेजारीच उभी असताना.

मंचावर सुमंतसाहेब. पांढराशुभ्र कुर्ता, गळ्यात झेंडूचा हार, चेहऱ्यावर मुंबईच्या माणसाला नागपुरात ऑगस्टमध्ये बसवल्यावर जे भाव येतात ते. शालिकभाऊ त्यांना वाकून वाकून फलक दाखवत होते. मंचाच्या खाली पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे घालून कृष्णकांतराव, त्यांच्या शेजारी अरुंधतीबाई, टाचा उंचावून आपला बडग्या येताना बघत.

आला. काय सुंदर दिसत होता! सहाही पाय थरथरत होते, मोरपंखी पोट झुलत होतं, चष्मा उन्हात चमकत होता. गळ्यात पाटी होती : ‘अफवा पसरवणारी डासवाली बाई’.

“ही माझी पाटी नाही!” बाई किंचाळल्या, आणि कोणी अडवायच्या आत पदर खोचून मंचाच्या पायऱ्या चढल्या. “साहेब, माझी तक्रार आहे. सौदा दुसऱ्या पाटीचा झाला होता!”

साहेब म्हणाले, “आपण कोण?”

“त्याच,” शालिकभाऊ बडग्याकडे बोट दाखवत म्हणाले.

बाईंनी दुसरं वाक्य सुरू करायच्या आत भाऊंनी खाली हात केला. “पिंटू, फवारा!”

पिंटूनं बॅटरीचं बटण दाबलं. टुल्लू घरघरला, खोकला आणि बसला.

“चालव ना बे!”

“चालून नाई राहिला भाऊ! जाळीत काईतरी अडकलं!”

“मग मार एक लात!”

पिंटूनं मारली. पण ढोलाच्या तालावर मारली, म्हणजे जितकी हवी त्याच्या दुप्पट. डास पुढच्या दोन पायांवर लवून मंचापुढे मुजरा करायला बसला, पोट पुढे आलं, आणि सगळी टाकी, काठोकाठ, सुमंतसाहेबांच्या अंगावर आली.

ढोल थांबला. डीजे थांबायला जरा वेळ लागला. पांढऱ्या कुर्त्यावर शेकडो काळे स्वल्पविराम वळवळत होते.

“हलू नका!” अरुंधतीबाई ओरडल्या. दिवाळीला पोरांचा आवाज जसा निघतो तसा आवाज. “साहेब, अजिबात हलू नका! खिशात पाणी साचलंय, त्यात आहेत! बघा, बघा कशा लटकल्यात! एडिस आहेत हो!”

साहेबांनी खिशात पाहिलं. सगळ्या गॅलऱ्यांतून मोबाईल खाली वाकले. “हे काय आहे?” साहेबांनी विचारलं, आणि दुर्दैवानं माईक त्यांच्या तोंडाजवळच होता.

बाईंना शास्त्राची सवय. त्या आधी जात सांगून मग अवस्था सांगणार होत्या. शालिकभाऊंना तशी सवय नाही.

“गप्पी!” ते म्हणाले. “गप्पी मासे, साहेब! डास खाणारे! हे त्याईचे पिल्लं हायेत!”

“मासे?” म्हणत बाईंनी पुराव्यासाठी साहेबांच्या खिशाखाली ओंजळ धरली.

“आमच्या प्रभागात घरोघरी कूलरमधी पाळून राहिलो न जी,” भाऊ आता वाहायला लागले. “म्हनून तर डासमुक्त! या बडग्याच्या पोटात आम्ही मुद्दाम दाखवाले आनले, का डासाच्या पोटातच त्याचा काळ असते म्हनून!”

शामलेनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं.

सुमंतसाहेबांना हिशेब शिकवावा लागत नाही. अळ्या म्हणावं, तर डासमुक्त प्रभागाच्या मंचावर, पक्षाच्या झेंड्याखाली, खिशात डास घेऊन बसलेला निरीक्षक संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर फिरणार. मासे म्हणावं, तर नुसतं अंग ओलं. त्यांनी खिशाला हळुवार हात लावला आणि माईक हातात घेतला. “याला म्हणतात विज्ञान,” ते म्हणाले.

टाळ्या. ढोल. आता एकच आशा उरली होती, विक्की. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर तो आपल्या माणसांसह उभा होता आणि त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर शालिकभाऊंची निवडणूक तिथेच संपली असती. पण तो शब्द होता ‘कूलर’, आणि दुकानात मागच्या हंगामातले न खपलेले कूलर छताला लागले होते.

“गप्पी हायेत ते खरं!” विक्की ओरडला. “पन योजना आमची होती! मागच्या टर्मले आमच्या नगरसेवकानं आनले होते गप्पी!”

“खोटं!” इकडून आरोळी.

“चोर! मासेचोर!” तिकडून.

बघता बघता दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांच्या गळपट्ट्या धरायला धावली. मासे कोणाचे, यावर आमच्या चौकात त्या दिवशी तीन डोकी फुटली. ते मासे आहेत का, हे विचारणारं एकच डोकं होतं, आणि ते साहेबांच्या खिशातून ओंजळीत पाणी गोळा करत होतं.

डासाचं पोट फुटलं होतं तरी तो नेऊन जाळलाच. सहाही पाय शेवटपर्यंत शाबूत होते म्हणतात. बांधणी पक्की होती.

पुढच्या आठवड्यात आमची गल्ली मत्स्यपालनात बुडाली. जो तो कूलरच्या टाकीत वाकून बघे आणि हरखून जाई. अरे, आपल्याकडेही आहेत की! ज्यांच्या टाक्या कोरड्या होत्या त्यांना कमीपणा वाटू लागला. त्यांनी पाणी भरलं. कोणी कणकेच्या गोळ्या टाकल्या. संध्याकाळी खिडक्यांतून डासांचे थवे उठत, आणि लोक दारं लावून घेत म्हणत, “नाल्याकडून येऊन राहिले. बरं झालं आपल्याकडे गप्पी हाय.”

बाई सूक्ष्मदर्शक घेऊन घरोघरी फिरल्या. शामलेनं नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. “किती गोड हाय वं माय! अंगावर केसंपन हायेत!”

“माशाला केस असतात का, शामला?”

“लहानपनी असतीन न जी. आमच्या मिनललेही जन्मल्यावर पाठीवर होते.”

मग पिंटूला ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, अंगावर पुरळ, सांधे असे की बडग्याच्या कामट्या बऱ्या. दवाखान्यातून आला तो पपईच्या पानांचा रस पिऊन पिऊन हिरवा पडलेला. बाईंनी विचारलं, “डेंग्यू ना?”

“नाई जी,” पिंटू पडल्यापडल्या हात जोडून म्हणाला, “डासमुक्त प्रभागात डेंग्यू कसा होईन? भाऊनं सांगतलं, व्हायरल म्हन.”

पिंटूच्या खाटेच्या बरोब्बर वर, मध्ये फक्त एक स्लॅब, कृष्णकांतरावांची आरामखुर्ची. पिंटूला चावलेला डास जिना चढायला कितीसा वेळ घेणार? बाईंनी घराच्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, यजमानांना दिवसा मच्छरदाणीत बसवलं. आत बसून ते पेपर वाचत आणि अधूनमधून म्हणत, “नवरदेवासारखं वाटतंय.” बाई हसत नव्हत्या. त्या पहाटे उठून अंधारात शेजारच्या टाक्या उपड्या करायला गेल्या. सकाळी गल्लीत बोंब उठली, की विक्कीची माणसं मासे मारून गेली, आणि लोकांनी त्याच टाक्या डबल भरल्या.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. कृष्णकांतराव जाळीतून म्हणाले, “अरुंधती, ऑडिटमध्ये एक नियम होता. खोटा आकडा दोन्ही पक्षांना मान्य असेल, तर तो आकडा कोणी बदलू शकत नाही. खालची टीप बदलता येते.”

बाई उठल्या आणि शालिकभाऊंच्या घरी गेल्या.

भाऊ अडचणीतच होते. विक्कीनं गप्पीवर आपला हक्क सांगणारे फलक लावले होते. “मॅडम, या,” भाऊ सावधपणे म्हणाले. “भांडाले आल्या का?”

“सही द्यायला आले.”

“कशाची?”

“ही गप्पीचीच पिल्लं आहेत आणि ती तुम्हीच आणलेली आहेत, असं प्रमाणपत्र. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या सहीचं. विक्कीकडे असलं काही नाही.”

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. शामला म्हणाली, “पाह्यता काय जी, खुर्ची द्या!”

“पण पाळायची पद्धत मी सांगेन,” बाई बसत म्हणाल्या. “तुम्ही ती तुमच्या नावानं जाहीर करायची. दर शनिवारी टाकी उपडी करायची, ब्रशनं आतून खरवडून घासायची, उन्हात कोरडीठक्क होऊ द्यायची. मगच नवं पाणी.”

“अन् पिल्लं?”

“झाडाच्या मातीत ओतायची.”

“मरतीन न जी!”

बाईंनी एक श्वास घेतला. आणि मग, शामला सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चढत गेलं. “मरत नाहीत. गप्पीचा गुणच तो आहे. शनिवारी मातीत जाते, आठवड्याच्या आत टाकीत परत दिसते. ज्या घरची टाकी नीट घासलेली असते तिथे मात्र दिसत नाही, कारण तिथे ती पाण्यात विरघळून राहते. दिसेनाशी झाली की समजायचं, पूर्ण लागू झाली.”

“अदृश्य गप्पी!” भाऊंचे डोळे पाणावले.

“शनिवार चुकला तर?” शामलेनं विचारलं.

“तर कोपते. ताप येतो घरात.”

“पिंटूले तेच झालं!” शामला मांडीवर थाप मारून म्हणाली. “त्यानं लात मारली होती न!”

बाई घरी आल्या तेव्हा हसत होत्या, इतक्या की जिन्यात बसावं लागलं. कृष्णकांतरावांनी मच्छरदाणीतून विचारलं, “जमलं?” त्या म्हणाल्या, “अहो, किती सोपं असतं हे! मला कोणी आधी का नाही सांगितलं?” आणि मग त्यांचं हसणं थांबलं.

त्या शनिवारी गल्लीत जे घडलं ते बघायला हवं होतं. चक्कीपासून चौकापर्यंत टाक्या उपड्या, बायका ब्रश घेऊन बसलेल्या, एकमेकींना टोमणे, “तुयी गप्पी अजून दिसून राहिली वं, घास जोरात!” विक्कीनं मागे राहू नये म्हणून दुकानात खास गप्पी-ब्रश ठेवले. दोनचार शनिवारांत टाक्या आरशासारख्या झाल्या. नवरात्र बसलं, उठलं, दसरा झाला. पिंटूनंतर गल्लीत एकालाही ताप नाही. कृष्णकांतराव मच्छरदाणीतून बाहेर आले आणि चौकात पान खायला जाऊ लागले. बाईंना आता गल्लीत पाहावं तिथे मान. काही सांगायला तोंड उघडलं की लोक हो म्हणत. काहून, असं कोणीच विचारत नव्हतं. एका पोरीच्या लग्नाची तारीखही त्यांना विचारून झाली.

भाऊबिजेला शामलेचा भाऊ खाप्याहून आला. प्रभागाची कीर्ती तिथवर गेली होती. जाताना बहिणीनं त्याला ओवाळणीच्या बदल्यात एक बाटली दिली, पिंटूच्या अंगणातल्या जुन्या रांजणातून भरलेली, आत भरपूर पिल्लं. प्रमाणपत्राची रंगीत प्रतही दिली. शनिवारचं सांगायचं गप्पांत राहून गेलं. खाप्याला त्यानं ती बाटली आपल्या कूलरमध्ये ओतली, शेजाऱ्यांना वाटली, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून दारावर लावलं.

काही आठवड्यांनी शामला आनंदानं सांगत आली, “मॅडम, खाप्यालेही लागू झाली! पन भावाच्या घरी अन् शेजारी सगळ्याईले व्हायरल झालं म्हन.”

बाई दुसऱ्याच दिवशी एसटीत बसून खाप्याला गेल्या. टाकीत गाळणी बुडवली, वाडगा पुढे केला, आणि यावेळी काहीही न लपवता म्हणाल्या, “दादा, या डासाच्या अळ्या आहेत. मासे नाहीत. मी चूक सांगितलं होतं.”

तापातून उठलेल्या त्या भल्या माणसानं त्यांना आदरानं दारापाशी नेलं आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर बोट ठेवलं. “ही सही तुमचीच न जी, ताई?”

“माझीच.”

“मंग? एवढ्या मोठ्या बाईनं सही करून दिली, ते खोटं कसं असन? तुमाले कोनी दबाव आनला काय?”

बाईंनी वाडगा खाली ठेवला. पदर खोचून म्हणाल्या, “बरं. मग दर शनिवारी टाकी कशी घासायची, ते दाखवते.”

हिशेब असा लागला. आरक्षणाच्या सोडतीत प्रभागाची ती जागा महिलांसाठी निघाली आणि तिकीट शामलेला मिळालं. शालिकभाऊंचा फोटो फलकावर आहे, कोपऱ्यात, टिकलीएवढा. विक्कीचे ब्रश संपले, कूलरही खपले. सुमंतसाहेबांचा कुर्ता धोब्याकडून नवा होऊन आला. कृष्णकांतरावांना डास चावला नाही. पिंटूनं आपल्या प्लेटलेट दिल्या आणि त्याबद्दल गप्पीची माफी मागितली. खाप्याच्या चार घरांनी ताप भरला, तो कोणासाठी भरला हे त्यांना अजून कळलेलं नाही. उरलेलं सगळं बाई भरतात. दर शनिवारी, खाप्याच्या एसटीत, महिलांच्या अर्ध्या तिकिटात.